मेलो की मेली?

आमच्या जैनथला दिवाळीच्या सुमारास कापूस फुटलेला असतो आणि घरातली हिंडतीफिरती माणसे शेतात असतात. ओसरीवर उरतो तो मी आणि कालचे वर्तमानपत्र. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी आतल्या खोलीतून नातीची आरोळी ऐकू आली, "मी मेलो! मी मेलो!" घाबरून धावलो. बारा वर्षांची पोर मोबाइल छातीवर ठेवून गादीवर पसरली होती. मेला होता तो पडद्यावरचा माणूस.

भीती गेली, पण व्याकरण शिल्लक राहिले. चौतीस वर्षे मुलांना मराठी शिकवल्यावर ते सहजी सुटत नाही. म्हटले, "अगं, मेलो काय? मेली म्हण." (पुण्याच्या पुस्तकातले 'मी मेले' आमच्याकडे 'मी मेली' होते, हे सीमेवरच्या वाचकांना सांगायला नको.) तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. म्हणाली, "आबा, मी मुलगा घेतला आहे ना. मग मेलोच."

'मुलगा घेतला' हा प्रयोग मला नवा होता. चौकशी केली तेव्हा कळले की खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर दोघे जण येऊन उभे राहतात, एक मुलगा आणि एक मुलगी. खेळणाऱ्याने त्यांतला एक घ्यायचा आणि मग तासभर तो होऊन राहायचे.

तिच्या शेजारी बसलेला आमच्या वाड्यातला तेलुगू मुलगा त्याच खेळात मुलगी होऊन पळत होता, आणि मेल्यावर नुसते "नेनु चच्चिपोयानु" म्हणत होता. त्याला काही अडचण नव्हती. तेलुगूत 'मी' म्हणणाऱ्याला तू बाई की पुरुष हे क्रियापद विचारतच नाही. (तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना मात्र तेलुगू भाषा बाईलाही 'वच्चिंदि' म्हणते आणि बैलगाडीलाही 'वच्चिंदि'च म्हणते. यावरून सुनेचा आणि माझा जुना वाद आहे. असो.) मराठीत तसे लपता येत नाही. साधे 'मी आलो' म्हणायचे तरी आधी ठरवावे लागते. माझ्या नातीने ते ठरवले होते आणि व्याकरणही बरोबर पाळले होते. चुकलो होतो मीच.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. आमची थोरली मुलगी हैदराबादला संगणकाच्या नोकरीत आहे. तिच्याकडून आणि नातीकडून विचारून विचारून एक वही भरली. खेळाच्या यंत्राने मुलगा की मुलगी हा प्रश्न विचारायला बरीच वर्षे लावली, असे त्या वहीवरून दिसते.

१९८० साली जपानच्या नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी 'पॅकमॅन' हा खेळ केला. नुसते एक पिवळे तोंड, ठिपके गिळत जाणारे. खेळघरात फक्त मुलगेच गर्दी करतात, बायकांनीही यावे, असा त्यांचा विचार होता. दोन वर्षांनी, १९८२ मध्ये, अमेरिकेत 'मिस पॅकमॅन' आली. तोच पिवळा गोल. वर लाल फीत, ओठांना रंग आणि गालावर तीळ. हे वाचून मला हसू आले. आमच्या गावच्या नाटकातही बाई करायला एवढेच साहित्य लागत असे.

१९८५ च्या 'सुपर मारिओ'त राजकन्या होती, पण ती शेवटच्या किल्ल्यात कोंडलेली. पळायचे, उड्या मारायच्या त्या मिशीवाल्या मारिओने. तीन वर्षांनी निघालेल्या दुसऱ्या भागात चौघांपैकी एक निवडायचा होता आणि त्या चौघांत राजकन्याही होती. उडी मारल्यावर ती क्षणभर हवेत तरंगायची, म्हणून पुष्कळ मुलगेही तिलाच घेत. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर'च्या दुसऱ्या भागात आठ मल्लांमध्ये चुन-ली ही एकटी बाई. १९९६ मध्ये इंग्लंडात 'टूम रेडर'ची लारा क्रॉफ्ट आली. तिथे निवड नव्हती, खेळणारा कोणीही असो, पडद्यावर बाईच.

या साऱ्यांत मला सर्वांत आवडली ती १९८६ च्या 'मेट्रॉइड'ची गोष्ट. पोलादी चिलखत घातलेला एक योद्धा राक्षसांशी लढत जातो. सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत त्याचा उल्लेख पुरुष म्हणूनच आहे. खेळ पुरेशा लवकर संपवला तर शेवटी तो शिरस्त्राण उतरवतो आणि आतून बाई निघते. मारिओत राजकन्या सोडवून आलेली ती सारी मुले तिथे इतका वेळ 'मी' म्हणून एका बाईलाच लढवत होती, आणि तिने सांगेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. विराटाच्या अंतःपुरात बृहन्नडेचा अर्जुन निघाला, इथे अर्जुनाची बृहन्नडा निघाली.

आदिलाबादला हे सारे उशिरा पोचले आणि तेही टीव्ही गेमच्या कॅसेटमधून. एका कॅसेटवर ९९९९ खेळ छापलेले असत आणि आत निघत मोजून दहा-बारा. १९९४-९५ च्या सुमारास आमच्याकडे तो डबा आला. माझी मुलगी आणि मुलगा दोघे मिळून 'काँट्रा' खेळत. त्यातही दोन गडी होते, पण दोन्ही उघडे शिपाई. निवड एवढीच, की निळी विजार की लाल. मुलगी नेहमी लाल विजार. त्या वेळी तिला यात काही वावगे वाटत होते का, हे मी विचारले नव्हते. परवा विचारले तर म्हणाली, "बाबा, दुसरे काही असू शकते हेच माहीत नव्हते."

खेळाच्या सुरुवातीलाच, आधी सांग, तू मुलगा आहेस की मुलगी, असे सरळ विचारणारा मुलांमध्ये गाजलेला खेळ म्हणजे 'पोकेमॉन क्रिस्टल'. साल २०००. त्याआधीच्या चार वर्षांत त्याच मालिकेत फक्त मुलगाच होता.

इथवर वही लिहून झाली आणि मला स्वतःचीच गोष्ट आठवली. खरे तर हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला.

१९६६ सालचा गणेशोत्सव. मी बारा वर्षांचा. गावात हरिश्चंद्राचे नाटक बसले आणि तारामतीचे काम माझ्याकडे आले, कारण माझा आवाज फुटला नव्हता. तारामतीचे काम कोणी बाई करील असा विचारही कोणाच्या मनात नव्हता. माझी अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तालमी आमच्याच ओसरीवर चालत आणि ती आत चुलीपाशी बसून ऐके. आठ दिवसांत तिला माझे काम पाठ झाले, पंधरा दिवसांत सगळ्यांचे. मला मात्र स्मशानातला प्रवेश काही केल्या ठरत नव्हता. रात्री ती मला गोठ्यात नेऊन शिकवी. लुगडे नेसून पाय कसा टाकायचा, मांडीवर मूल असल्यावर खांदा कुठे झुकतो, रडताना पदर कोणत्या हाताने घ्यायचा, सारे तिने दाखवले. प्रयोगाला नेसलो तेही तिचेच लुगडे. म्हणजे त्या रात्री रंगमंचावर जी तारामती उभी होती, तिच्यात माझे होते ते फक्त शरीर.

आणि नेमका स्मशानातच मी अडकलो. आतून सांगणाऱ्याचा दिवा वाऱ्याने विझला होता. सारा मांडव गप्प. इतक्यात बायकांच्या बाजूने, दोरीपलीकडून, खणखणीत आवाजात पुढचे वाक्य आले. मी ते उचलले, प्रवेश रंगला, टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मला पेढा मिळाला. अक्काला मार मिळाला नाही, पण घरातल्या एका वडीलधाऱ्याने सर्वांदेखत विचारले, "चार गावच्या माणसांत तोंड उघडायला तू कोण?" पुढच्या वर्षी गणपतीत ती माडीवरून खाली आलीच नाही. त्यानंतर दोन वर्षांनी तिचे लग्न होऊन ती पैनगंगेपलीकडे गेली.

आम्ही काही जगावेगळे करत नव्हतो. फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' चित्रपट काढला तेव्हा त्यांनाही तारामती मिळेना. चांगल्या घरच्या बायका सोडाच, ज्यांना गाव नावे ठेवी त्यांनीही नकार दिला. शेवटी उपाहारगृहात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम केला आणि सीताही केली. दोन्ही पात्रे घेऊन खेळलेला हा आमचा पहिला गडी. त्याच १९१३ साली 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची कोवळ्या वयाची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली, तेव्हा पडद्यावर प्रथमच बाईचे काम बाईने केले. जी मोहिनी म्हणजे पुराणात विष्णूने घेतलेले सोंग, तेच काम पहिल्या मराठी नटीच्या वाट्याला यावे, याची मला गंमत वाटते.

रंगभूमीवर बालगंधर्वांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. १९११ ची भामिनी, १९१६ ची रुक्मिणी, १९१९ ची सिंधू. त्यांचे नेसणे, त्यांचा अंबाडा पाहून घरंदाज बायका तसे करू लागल्या. बाई कशी दिसावी हे पुरुषाने सोंग घेऊन दाखवायचे आणि बाईने घरी जाऊन ते उचलायचे, अशी ती उलटी गंगा. बालगंधर्वांची थोरवी मी कमी लेखत नाही. आजही त्यांची तबकडी लावली की हातातले काम राहते. पण आमच्या गोठ्यात त्या रात्री जे घडले, ते त्या काळी किती घरांत घडले असेल, कोणत्या नटाला कोणत्या बहिणीने पदर घ्यायला शिकवले असेल, ते कोणत्याही नाट्येतिहासात नाही. मंडळ्यांची नावे आहेत, पडदे रंगवणाऱ्यांची नावे आहेत.

आमच्या जिल्ह्यातल्या गोंडांच्या दंडारीतही हेच दिसते. दिवाळीच्या आधी दंडारीची पथके गावोगाव पाहुणी जातात. मोरपिसांचा प्रचंड मुकुट घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्याबरोबर लुगडे नेसलेले मुलगे असतात, त्यांना 'पोरिक' म्हणतात; मराठी कानाला त्यात 'पोरी' ऐकू येते. १९८१ च्या प्रजासत्ताक दिनी गुसाडी दिल्लीला नाचला, मारलवाईच्या कनकराजूंना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ते २०२४ मध्ये गेले. गुसाडीच्या मुकुटाची छायाचित्रे जगभर गेली. शेजारच्या पोरिककडे कॅमेरा क्वचितच वळतो. मुलगे पोरी होऊन दहा दिवस गावे हिंडतात. खऱ्या पोरी अंगणात उभ्या राहून पाहतात.

मुलाने मुलगी होण्याला आमच्याकडे कधीच कोणी अडवले नाही, हे मला यातून सांगायचे आहे. नाटकात, तमाशातल्या नाच्यात, दंडारीत, नाथांच्या भारुडात, सगळीकडे पुरुषाला दोन्ही दारे उघडी. बाईला एक होते तेही उघडे नव्हते. आपल्या जैनथच्या देवळाशी निगडित परमार काळचा जुना शिलालेख आहे. जगद्देवाचा अधिकारी लोलार्क याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे मंदिर बांधल्याचे त्यात कोरले आहे. नऊशे वर्षांपूर्वी ज्या गावच्या दगडावर बाईचे नाव आले, त्या गावच्या नाटकाच्या हँडबिलावर ते १९६६ साली येऊ शकले नाही.

म्हणून नातीच्या हातात तो पडदा पाहिला तेव्हा मला वाटले, आता एकदाचे हिला विचारले तरी जाते. पण तिथेही गोम आहे. २०११ साली 'टेंपल रन' नावाचा पळण्याचा खेळ निघाला. त्यात पळणारा पुरुष पहिल्यापासून फुकट; बाई हवी असेल तर पळून पळून सोन्याची नाणी जमवायची आणि तिला सोडवून घ्यायचे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका बारा वर्षांच्या मुलीने असे पळण्याचे ५० खेळ स्वतः तपासले आणि वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकात लिहिले. ९० टक्के खेळांत मुलगा फुकट मिळत होता. मुलगी फुकट मिळत होती ती अवघ्या १५ टक्क्यांत. हे मी नातीला वाचून दाखवले तर ती म्हणाली, "हो, मग? मी पण दोन दिवस नाणी जमवली होती." आमच्याकडे मुलीच्या लग्नात पैसे मोजायची रीत, इथे मुलगी व्हायलाच पैसे.

त्यापुढची गोष्ट मात्र मला बोचली. गोळीबाराच्या एका खेळात, जिथे अनोळखी माणसे एकत्र येतात आणि एकमेकांशी बोलू शकतात, तिथे ती आधी मुलगी घेऊन गेली होती. मग कोणी नंबर मागू लागला, कोणी घाणेरडे बोलला, कोणी 'तू मागे थांब, मी वाचवतो' म्हणत मागे लागला. तिने बोलणे बंद केले, नाव बदलले आणि मुलगा घेतला. "आता कोणी त्रास देत नाही, आबा. मारतात फक्त." असे करणारी ती एकटी नाही. मोठ्या खेळांचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले आहे की, बाईने पुरुष होण्यापेक्षा पुरुषानेच बाईचे पात्र घेणे अधिक घडते. त्याचे कारण विचारले तर पुष्कळ जण सांगतात, तासन् तास कोणाची तरी पाठच पाहायची तर बाईची पाहावी. बायका पुरुष होतात ते सहसा सुखाने खेळता यावे म्हणून. पुन्हा एकीकडे हौस आणि दुसरीकडे आडोसा.

या अंधारात एक चांगली गोष्ट पुण्याची. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. सर्कशीत कसरती करणारी एक अनाथ पोर, राक्षसांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. दुर्गा तिला शस्त्र देते. त्यात निवड नाही, खेळणाऱ्याने राजीच व्हायचे. बहिणीने भावाला सोडवायचे ही कल्पना मला फारच आवडली, त्याचे कारण वाचकांच्या लक्षात आले असेल. मुलीने तो खेळ हैदराबादला तिच्या संगणकावर लावून मला दाखवला. मी एकही राक्षस मारू शकलो नाही.

गेल्या भाऊबीजेला अक्का आली. तिचे गुडघे गेले आहेत, तरी बसने आली. ओवाळून झाल्यावर मी तिला हे सगळे सांगत बसलो. हरिश्चंद्राचा विषय निघाला तसे ती म्हणाली, "स्मशानात तू अडकला तवा मले वाटलं, आता नाटक बुडालं." मी विचारले, "तुला तेव्हा करावेसे वाटत होते का गं, तारामतीचे काम?" ती सुपारी कातरत होती. म्हणाली, "तारामती काहून? रडायचंच काम ते. मले हरिश्चंद्र पाहिजे होता. तो डोंब होते, काठी घेते, राजाले पण पैसे मागते."

साठ वर्षे मी समजत होतो की माझ्यामुळे तिची तारामती गेली.

नात शेजारीच होती. तिने पळण्याचा खेळ लावला आणि मोबाइल अक्काच्या हातात दिला. "मोठी आजी, आधी निवड. मुलगा की मुलगी?" अक्काने चष्मा पुसला, पडदा डोळ्यांजवळ नेला, दोघांना नीट न्याहाळले. "मिशीवाला नाही का यात?" नातीने शोधून एक मिशीवाला काढून दिला, तो तिने नाणी मोजून सोडवलेला होता. अक्काने अंगठा ठेवला. तो मिशीवाला गडी चार पावले पळाला आणि समोरच्या भिंतीवर आपटला.

"अगं बाई, मेलो!" अक्का म्हणाली. मग नातीला विचारू लागली, पुन्हा कसे सुरू करायचे.